जरा इकडे बॅटरी दाखवा

चौथ्या मजल्यावरच्या काकांना मी बोलावलं नव्हतं, हे आधीच नोंदवून ठेवतो. पुढे कुणी म्हणायला नको की मदत मागितली आणि वर नावं ठेवतोय.

झालं होतं एवढंच, की आदल्या रात्री घरी येताना शेजारच्या सीटवरून बायको म्हणाली, "डावा दिवा गेलाय बघ." गाडीचं वय वर्षं चौदा. या वयात काही ना काही जाणारच. दिवा गेला, यात मला उलट बरंच वाटलं. क्लचप्लेट गेली की माणूस हतबल होतो. बल्ब म्हणजे आपल्या आवाक्यातली गोष्ट. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवा बल्ब घेऊन पार्किंगमध्ये उतरलो, बाह्या वर केल्या, बॉनेट उघडलं.

बॉनेटचा एक दुर्गुण आहे. ते वर गेलं की इमारतीतल्या प्रत्येक निवृत्त पुरुषाला आतून कळतं. तीन मिनिटांत काका हजर. हात मागे बांधलेले, मान जरा तिरकी, तपासणीला आल्यासारखी चाल.

"काय झालं?"

"काही नाही काका, बल्ब बदलतोय."

"फ्यूज बघितलात?"

"एकच दिवा गेलाय. बल्बच आहे."

"माझ्या मेहुण्याचंही असंच झालं होतं. शेवटी उंदीर निघाला. सगळ्या वायरी कुरतडलेल्या." एवढं बोलून त्यांनी उंदीर दिसतोय का म्हणून आत डोकावून पाहिलं. "दोन्ही बदलताय ना? जोडीनं बदलावेत."

"एकच बदलतोय."

"बरं."

काकांचं 'बरं' मी इथे लिहून दाखवू शकत नाही. परीक्षेत मुलानं चुकीचं उत्तर लिहिताना मागून फिरणारे सर जसे थबकतात आणि काहीही न बोलता पुढे जातात, तसं ते 'बरं' होतं. (फ्यूजचा प्रश्नसुद्धा शहाणपणाचा होता. बऱ्याच गाड्यांत डाव्या-उजव्या दिव्याचे फ्यूज वेगवेगळे असतात. हे मला नंतर कळलं. सगळंच मला नंतर कळलं.)

तर, हेडलाइटच्या मागे हात घालायचा म्हटलं तर मध्ये गाडीची बॅटरी. दिवा आणि बॅटरी यांच्यात चार बोटांची फट. मी स्वतःशीच पुटपुटलो, "बॅटरी काढावी लागणार."

"काढतो की," काका म्हणाले आणि त्यांनी खिशातून दोन सेलची, स्टीलची, लांबुळकी बॅटरी काढली आणि पेटवली.

आता काय बोलणार? गाडीची बॅटरी काढायला दहाचा पाना लागतो. माझ्या पेटीत आठ, नऊ, अकरा, बारा, तेरा असे सगळे पाने आहेत. दहाचा नाही. दहाचा मी आजवर तीनदा आणलाय. गाडीत अर्ध्याहून जास्त नटबोल्ट दहाचेच असावेत आणि दहाचाच पाना पृथ्वीवर टिकू नये, यामागे काहीतरी कट आहे. शेवटी बॅटरी जागेवर ठेवून त्या फटीतूनच हात घालायचं ठरलं. काकांची बॅटरी मात्र निघाली ती निघालीच.

लहानपणी ज्यांनी वडिलांसमोर बॅटरी धरली आहे, त्यांना माझं दुःख कळेल. बाबा टेबलफॅन उघडून बसायचे आणि मी मागे बॅटरी घेऊन उभा. "इकडे दाखव. इकडे! तिकडे काय आहे? मी कुठे बघतोय, तू कुठे दाखवतोयस?" बॅटरी धरणं हे काम नसून शिक्षा आहे, असं माझं दहाव्या वर्षी ठाम मत झालं होतं. एक दिवस मी मोठा होईन, स्वतः दुरुस्ती करीन आणि कुणीतरी माझ्यासाठी बॅटरी धरेल, ही आशा मी कितीतरी वर्षं जपली. ती पूर्ण झाली, पण बॅटरी धरणारा माणूस माझ्याहून तीस वर्षांनी मोठा. ओरडायची सोय नाही.

काकांची अडचण अशी, की ते हातवारे केल्याशिवाय बोलत नाहीत आणि बोलल्याशिवाय उभे राहत नाहीत. मेहुण्याची गाडी कुठे बंद पडली ते सांगताना उजेड छतावर गेला. ती ढकलली कशी, हे सांगताना शेजारच्या स्कूटरवर. मुद्दा पटवायचा असला की सरळ माझ्या डोळ्यांत. मी "काका, जरा खाली," म्हटलं की ते वाकून खाली बघायचे आणि जमिनीवर उजेड पाडून विचारायचे, "काय पडलं?"

मागची रबरी टोपी निघाली. तीन पिनांचा कनेक्टर मात्र चौदा वर्षांच्या उष्णतेनं भाजून बल्बला घट्ट चिकटलेला. "तो निळा डबा मारा ना," काका म्हणाले. निळा डबा म्हणजे डब्ल्यूडी-४०. मुळात ओल हटवण्यासाठी १९५३ साली तयार झालेलं हे रसायन. चाळिसाव्या प्रयत्नात सूत्र जमलं म्हणून नावात चाळीस, असं सांगतात. म्हणजे ३९ वेळा त्यांचं फसलं. पण त्या ३९ वेळा कुणी मागे उभं राहून 'बरं' म्हणत नसणार, नाहीतर तिसऱ्यातच सोडलं असतं.

"घरातलंही सगळं तुम्हीच करता वाटतं?" काकांनी विचारलं.

"हो, शक्यतो मीच."

"ऐकू येतं." काका म्हणाले.

हा टोला ड्रिल मशिनला होता. पुस्तकांच्या एका फळीसाठी मी भिंतीला चार भोकं पाडायला घेतली आणि अकरा पाडली. आठ मिलिमीटरच्या प्लगला आठचंच भोक लागतं. पण ड्रिल थरथरलं की आठचं दहा होतं, मग दहाचा प्लग आणायचा, तोवर प्लास्टर सुटून त्याचं बारा झालेलं असतं. फळी शेवटी लागली. जिथे लावायची होती तिथे नाही, भोकं झाकली जातील तिथे. त्यानंतर न्हाणीघरातला गरम पाण्याचा नळ. हल्लीच्या नळात रबरी वायसर नसतो, सिरॅमिकच्या चकत्यांचं एक कार्ट्रिज असतं आणि ते डाव्या उघडणीचं वेगळं, उजव्या उघडणीचं वेगळं मिळतं. हे ते बसवल्यावर कळलं. तेव्हापासून आमचा तो नळ उलटा फिरतो. आम्हाला सवय झालीय. पाहुणे बंद करायला जातात आणि आतून किंकाळी येते. डाव्या-उजव्याचं माझं हे असं आहे, एवढं वाचकांनी लक्षात ठेवावं.

कनेक्टर सुटला. आता बल्बला धरून ठेवणारी तारेची स्प्रिंग. ती दिसत नाही. आंधळ्यानं चाचपडावी तशी बोटांनी शोधून दाबायची आणि बाजूला सरकवायची. दाबली. सरकवली. 'टिंग' असा छोटासा, फार गोड आवाज झाला आणि बोटांखाली काहीच उरलं नाही.

"टिंग झालं," काका म्हणाले.

"हो. कुठे गेली बघितलंत?"

"मी तुमच्याकडे बघत होतो. तुमचा चेहरा असा झाला होता ना..."

वीस मिनिटं शोधली. मी गाडीखाली पाठीवर आडवा, काका वरून उजेड फिरवतायत आणि मेहुण्याचा उंदीर पुन्हा सुरू. शेवटी काका शांतपणे म्हणाले, "बॅटरीवर आहे."

मी बाहेर येऊन त्यांच्या हातातल्या बॅटरीकडे बघत राहिलो. तिच्यावर काही नव्हतं.

"अहो, या बॅटरीवर नाही, त्या बॅटरीवर!"

गाडीच्या बॅटरीच्या झाकणावर, दोन टर्मिनलांच्या मधोमध पडली होती. आडवी पडून दोन्हीकडे टेकली असती तर अशी ठिणगी उडाली असती की काकांना मेहुणा आठवलाच नसता.

इथे मला गाडी बनवणाऱ्यांबद्दल दोन शब्द बोलायचेत आणि ते गमतीनं नाहीत. बल्ब ही जाणारी वस्तू आहे. हे त्यांना ठाऊक आहे, म्हणून तर तो वेगळा विकतात. मग तो अशा जागी का, की तिथे पोहोचायला मनगटाची सालं निघावीत? काही गाड्यांत बल्ब बदलायला पुढचा बंपर उतरवावा लागतो. आणि नव्या एलइडी दिव्यांत तर बऱ्याचदा बल्ब नावाची गोष्टच नसते; एक ठिपका गेला की अख्खा दिवा बदला. कुणीतरी थंडगार खोलीत बसून कागदावर हे आखलं, त्याला बढती मिळाली, आणि मी इथे शेणामातीत लोळतोय. वर लोक सल्ला देतात, "विकून टाका हो ती गाडी." जुनी गाडी विकावी हे सांगायला कुणाला दहाचा पाना लागत नाही, म्हणून सगळे सांगतात.

असो. जुना बल्ब बाहेर आला. काकांनी तो माझ्या हातून घेतला आणि बॅटरीच्या झोतात डोळ्यांजवळ धरला.

"तार तर शाबूत दिसतेय."

"काका, एच-४ आहे तो. यात दोन तारा असतात. ५५ वॉटची जवळच्या झोताला, ६० ची लांबच्या."

"दोन्ही शाबूत दिसतायत."

आता खरं तर इथे थांबायला हवं होतं. पण बावन्न मिनिटं उपदेश ऐकलेल्या माणसाला उपदेश करायची संधी मिळाली, की ती सोडवत नाही. "सूक्ष्म तडा असतो, काका," मी म्हणालो. "नुसत्या डोळ्यांना दिसत नाही." मग नव्या बल्बच्या काचेला बोट का लावू नये, यावरही बोललो. बोटाचं तेल काचेला लागतं, हॅलोजनची काच इतकी तापते की तेवढा डाग जास्त गरम होऊन बल्ब लवकर जातो. काका मन लावून ऐकत होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा उजेड स्थिर होता.

"हा गेलेला घेऊ का? नातवाला दाखवतो."

"घ्या ना, खुशाल घ्या!" मी दानशूरपणे म्हणालो. काका बल्ब रुमालात गुंडाळून वर गेले.

नवा बसला. स्प्रिंग बसली. रबरी टोपी तिसऱ्या झटापटीत बसली. बाहेर अंधार पडला होता. बायकोला हाक मारून मी सीटवर बसलो आणि मोठ्या झोकात दिवे लावले. समोरच्या भिंतीवर उजेडाचा एक गोल पडला. लखलखीत आणि एकटा.

बायको गाडीसमोर जाऊन उभी राहिली. मग माझ्या बाजूला येऊन तिनं काचेवर टकटक केली. "अरे, डावा म्हणजे गाडीचा डावा. तू समोर उभं राहून तुझा डावा केलास का?"

जहाजावरच्या लोकांनी हा घोळ कधीच मिटवलाय. ते डावं-उजवं म्हणतच नाहीत. 'पोर्ट' म्हणजे जहाजाची डावी बाजू, तुम्ही कुठेही तोंड करून उभे राहा, आणि 'स्टारबोर्ड' म्हणजे उजवी. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग आता दुसरा बल्ब?"

चांगला बल्ब होता की. रुमालात. चौथ्या मजल्यावर.

बेल वाजवली. काकांनी दार उघडलं. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "तो बल्ब ना? काल तुम्ही गाडी आत घेतलीत तेव्हा मी गॅलरीतच होतो. तो पलीकडचा दिवा बंद होता."

"मग मघाशी सांगितलं का नाही?"

"तुम्ही एवढं आत्मविश्वासानं काढत होतात. म्हटलं, चालू असलेला आधी बदलायचा, असं काहीतरी शास्त्र असेल." त्यांनी बल्ब पुढे केला. धातूच्या बाजूनं धरलेला. "काचेला हात लावू दिला नाही हं कुणाला. तुम्हीच सांगितलंत ना."

त्यांच्या मागून सात-आठ वर्षांचा नातू आला. हातात भिंग. "मी नीट बघितलं," तो म्हणाला, "एकाही तारेला तडा नाहीये." मग आजोबांचा शर्ट ओढून, कुजबुजतोय असं समजून, खणखणीत आवाजात विचारलं, "आजोबा, चांगला बल्ब काढणारे काका ते हेच का?"

आजोबांनी त्याला गप्प केलं नाही. ते चपला घालत होते. दुसऱ्या हातात बॅटरी होती. सेल नवे घातले असावेत, कारण झोत थेट माझ्या डोळ्यांत आला.