मावशीचं काही उणं पडलं नव्हतं

सोमवारी पहाटे साडेपाचला आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फॉरवर्ड येऊन पडला. ‘प्रार्थनेची शक्ती विज्ञानाने सिद्ध!’ वर जोडलेल्या हातांचं चित्र, खाली चार मुद्दे. अमेरिकेत १९८८ साली डॉक्टरांनी प्रयोग केला. ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली ते बरे झाले, बाकीचे दगावले. जपानी शास्त्रज्ञाने दाखवलं की प्रार्थनेमुळे पाण्याचे स्फटिक सुंदर बनतात. जप केल्याने शरीर शांत होतं. आणि चौथा मुद्दा असा: खरी प्रार्थना कधीच वाया जात नाही, ज्यांची फळली नाही त्यांच्या मनात शंका होती. शेवटी अर्थातच, अकरा जणांना पाठवा.

एरवी मी हे न वाचताच पुसते. पण सहा वाजता फोंड्याहून मावशीचा फोन आला. तिने चौथा मुद्दा चष्मा लावून दोनदा वाचला होता. म्हणाली, “म्हजेंच खंय तरी उणें पडलें आसतलें गो.” माझंच कुठेतरी कमी पडलं असेल गं.

म्हणून चौथ्यापासूनच सुरुवात करते.

तीन वर्षांपूर्वी मावशीचा धाकटा स्कूटरवरून पडला, डोक्याला मार बसला. अकरा दिवस अतिदक्षता विभागात होता. त्या अकरा दिवसांत मावशीने काय केलं नाही? अभिषेकाची पावती तिने मुठीत इतकी घट्ट धरली होती की घामाने तिच्यावरची शाई उतरून तळव्यावर आली. शेजारची काकू, जिच्या घरी रोज संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची ख्रिस्ती प्रार्थना, होतो, बांबोळीच्या खुरसासमोर, म्हणजे तिथल्या क्रुसापुढे, मेणबत्त्या लावून आली. मीही तिच्याबरोबर एक लावली, आणि माझा देवावर विश्वास नाही. पाचव्या दिवशी मावशीने देवळात कौल लावला. भटजींनी गाऱ्हाणं घातलं, मूर्तीवर ओल्या पाकळ्या लावल्या, आणि आम्ही पाऊण तास उभे राहिलो. पाकळी डावीकडची पडली.

भटजी काही बोलले नाहीत. तीर्थ दिलं. मावशी पुन्हा इस्पितळात येऊन बाकावर बसली.

ओली पाकळी सुकली की सुटते, एवढंच मला त्यात दिसतं. पण एक गोष्ट मला मान्य करावी लागते. आमच्याकडच्या देवाला नाही म्हणता येतं. उजवीला होकार, डावीला नकार, हे विचारणाऱ्याला आधीपासून ठाऊक असतं, आणि नकार मिळाला म्हणून ‘तुझी श्रद्धा कमी पडली’ असं देवळाच्या त्या चौकात मावशीला कोणी म्हटलं नाही. ‘देवान ना म्हळें’ एवढं स्वतःशी म्हणून तिने तीन वर्षं काढली. या फॉरवर्डमधल्या देवाला मात्र नकाराची सोयच नाही. तो यंत्रासारखा; नाणं टाकलं आणि काही पडलं नाही, तर नाणंच खोटं. ज्या बाईचा मुलगा गेला तिला सकाळी साडेपाचला हे सांगायचं, आणि वर हात जोडलेले!

त्याच विभागात पलीकडच्या खाटेवर एक परप्रांतीय कामगार होता. आठ दिवस त्याला भेटायला कोणी आलं नाही. तो चालत घरी गेला. माझ्या अविश्वासाचं मूळ विचाराल तर बरंचसं त्या खाटेशी आहे. पण एका खाटेवरून सिद्धांत काढायचा नसतो, हे मला कळतं, फॉरवर्डवाल्यांना कळत नाही. त्यासाठी खूप खाटा मोजाव्या लागतात, आणि त्या मोजून झाल्या आहेत.

हार्वर्डचे हर्बर्ट बेन्सन हे काही नास्तिक नव्हते. ध्यानाचे शरीरावर होणारे परिणाम सांगण्यातच त्यांचं नाव झालं. त्यांच्या चमूने सहा अमेरिकी इस्पितळांतले १,८०२ बायपासचे रुग्ण घेतले. धर्माविषयी आस्था असलेल्या टेम्पल्टन फाउंडेशनने पैसा दिला. रुग्णांचे तीन गट केले. पहिल्या दोघांना सांगितलं, तुमच्यासाठी प्रार्थना होईलही, न होईलही. प्रत्यक्षात एकासाठी झाली, दुसऱ्यासाठी नाही. तिसऱ्याला सांगितलं, तुमच्यासाठी नक्की होणार, आणि झाली. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीपासून चौदा दिवस ख्रिस्ती प्रार्थनागट रुग्णाचं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर घेऊन प्रार्थना करत होते. २००६ साली निकाल छापून आला. महिन्याभरात काही ना काही गुंतागुंत झालेले रुग्ण पहिल्या गटात ५२ टक्के, प्रार्थना न झालेल्यांत ५१. आणि ज्यांना प्रार्थनेची खात्री दिली होती त्यांच्यात ५९! असं का, याचं पक्कं उत्तर नाही. ‘माझी तब्येत इतकी बिघडली की काय’ या धास्तीने असेल, निव्वळ योगायोगही असेल. यावरून प्रार्थना घातक ठरते असं मी म्हणणार नाही. पण ५२ आणि ५१ या आकड्यांत शंका घेणारे कुठून शोधणार? प्रार्थना करणारे तर प्रार्थना झालेल्या दोन्ही गटांसाठी तेच होते.

१९८८ साली छापून आलेला प्रयोग झाला होता, हे खरं. सॅन फ्रान्सिस्कोत रँडॉल्फ बर्ड यांनी हृदयरोग विभागातल्या ३९३ रुग्णांवर केला. प्रार्थना झालेल्यांना काही औषधं, उपचार कमी लागले, हेही खरं. पण मृत्यूंत आणि इस्पितळात राहण्याच्या दिवसांत लक्षणीय फरक नव्हता. ‘बाकीचे दगावले’ हे वाक्य कोणाच्या तरी अंगठ्यातून आलं. शिवाय तिथे प्रार्थना करणारे ख्रिस्ती होते. आमच्या ग्रुपवर पोचेपर्यंत त्यांचा महामृत्युंजय जप झाला. काकूला तोच फॉरवर्ड आदल्याच दिवशी आला होता, तिच्याकडे त्याचा रोजार, म्हणजे तीच ख्रिस्ती जपमाळ, झाला होता.

पाण्याच्या स्फटिकांबद्दल काय बोलायचं? शेकडो फोटो काढून त्यातले हवे ते निवडले की कोणतंही पाणी भाविक होतं.

तिसरा, जपाचा मुद्दा मात्र, नाइलाजाने, मान्य करते. २००१ साली इटलीतल्या संशोधकांनी २३ निरोगी माणसांना लॅटिनमधली आवे मारिया आणि ‘ॐ मणि पद्मे ॐ’ हा मंत्र म्हणायला लावलं. दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि रक्तदाब सावरणारी शरीराची यंत्रणा अधिक चांगलं काम करू लागली. म्हणजे मावशीची माळ आणि काकूचा तेर्स, दोन्ही कामाचे. पण जपणाऱ्याच्या कामाचे. बंद दारापलीकडच्या खाटेपर्यंत ते पोचतात, असं त्यात कुठेही नाही.

रविवारी फोंड्याला जाऊन हे सगळं मावशीला वाचून दाखवलं. ती वाती वळत ऐकत होती. कौलाचं आलं तेव्हा हात थांबला, पुन्हा चालू झाला. ५९ टक्क्यांशी आले तेव्हा तिने वर पाहिलं.

“मग त्या बापड्यांना सांगितलं कशाला?” म्हणाली, आणि दिवा लावायला आत गेली.