डावीकडे म्हणजे कुणाच्या डावीकडे

ओहायोमध्ये मे महिन्यात गवत कापून मशीन आत ठेवेपर्यंत मागचं गवत परत वाढायला लागलेलं असतं. केंटकी ब्लूग्रास काय, फेस्क्यू काय, ही सगळी थंडीवाली मंडळी, वसंतातला गारवा आणि पाऊस त्यांना असा काही मानवतो की बघत राहावं. बरं, नुसतं बघत राहायचीही सोय नाही, कारण इथल्या बऱ्याच गावांत गवत आठ-दहा इंचांच्या वर गेलं की नोटीस येते. तर अशा महिन्यात आमच्या ट्रॅक्टरचा डेकचा, म्हणजे पोटाखालच्या पात्यांच्या पेटीचा, पट्टा तुटला. जानेवारीत पट्टा तुटल्याचं कोणी ऐकलंय का? जानेवारीत तो मजेत असतो.

ट्रॅक्टर म्हणजे शेतातला नव्हे हं. हा गार्डन ट्रॅक्टर, बसून गवत कापायचा. पन्नास-साठच्या दशकांत इथे लोक शहराबाहेर मोठी अंगणं घेऊन राहायला गेले आणि मग ही जमात फोफावली, १९६१ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरने कब कॅडेट आणला, १९६३ मध्ये जॉन डिअरने ११० आणला, पाठोपाठ बाकीचेही आले. माझा त्यानंतरच्या दशकातला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे बोलणार आहे ते चारचौघांत बोलण्यासारखं नाही आणि या जुन्या ट्रॅक्टरांचे भक्त फार हळवे असतात. घर विकणाऱ्या आजोबांनी तो घराबरोबरच सोडला होता, तेव्हा मला वाटलं होतं प्रेमाने सोडला.

इंजिनाबद्दल मात्र एक शब्द वाईट बोलणार नाही. कोहलरचं के-३०१, सिंगल सिलिंडर, बीड लोखंडाचं, १२ हॉर्सपॉवर. चालू झालं की शेजारच्या गल्लीत कळतं. भानगड इंजिनात नाहीच, भानगड आहे ती भूमितीत. या इंजिनाचा शाफ्ट आडवा आणि खाली डेकमध्ये पाती फिरवणारे स्पिंडल उभे, म्हणजे पट्ट्याने इंजिनाकडून निघायचं, वाटेत म्यूल ड्राइव्ह नावाच्या दोन पुल्यांवरून काटकोनात वळायचं, अंगाला पीळ द्यायचा आणि मग आडवं होऊन डेकच्या पुलीला मिठी मारायची. आताच्या साध्या मशीनमध्ये इंजिनाचा शाफ्टच उभा असतो, पट्टा सरळ जातो, विषय संपला. पण आडवं इंजिन कसं टिकतं हे सांगायला तेच भक्त तासभर उभे राहतात. त्यांना कोणीतरी एकदा खाली झोपवा.

आता पट्टा आणायचा तर मॅन्युअलमधला पार्ट नंबर कधीच बंद झालेला. जुना मोजावा तर तो वर्षानुवर्षं ताणून लांबलेला, शिवाय तुटलेला, टोकं विस्कटलेली. मग दुकानातलं शास्त्र शिका. अर्धा इंच रुंदीचा फोर-एल ८३० म्हणजे बाहेरून ८३ इंच, आणि तेवढ्याच रुंदीचा ए-८१ म्हणजे आतून ८१ इंच, आणि हे दोन्ही मापाने साधारण सारखेच! एकाने बाहेरून मोजलं, दुसऱ्याने आतून, गिऱ्हाइकाने मधे उभं राहायचं. काउंटरवरच्या पोराने स्वस्तातला गाडीचा पट्टा दाखवला, दिसायला अगदी सेम, पण तो घ्यायचा नसतो. आपण पाती बंद केली की पट्टा ढिला पडून पुलीवर नुसता घसरायला हवा, म्हणून गवत कापायच्या मशीनच्या पट्ट्याला वरून कापडी आवरण असतं आणि आत अरामिडचा दोर, धक्के खायला. गाडीचा उघड्या रबराचा पट्टा ढिला सोडला तरी पुलीला चावत राहतो आणि मग जळका वास.

शनिवारी सकाळी कामाला लागलो. स्पार्क प्लगची वायर काढली (हे पहिलं, बाकी सगळं नंतर), डेक खाली टेकवला, पुढची चाकं पूर्ण वळवली, पिना काढल्या. एक पीन हातात आली, दुसरी उडून गेली ती गेलीच. डेक बाजूने ओढून काढताना त्याच्या पोटातून कित्येक वर्षांचं वाळकं गवत माझ्या पोटावर आलं.

इतक्यात सासऱ्यांचा व्हिडिओ कॉल. आमची सकाळ म्हणजे त्यांची संध्याकाळ, आणि हा माणूस सातारा जिल्ह्यात ऑइल इंजिनवर पिठाची गिरणी चालवून रिटायर झालेला. पट्टा हा शब्द ऐकल्यावर ते फोन ठेवतील ही आशाच नव्हती.

"जावईबापू, अडचण काय आहे?"

"बाबा, पट्टा घालायला सगळं खोलावं लागतंय."

"मग कापा की मधनं. घाला, आन क्लिपा मारा."

त्यांचंही बरोबरच आहे म्हणा. गिरणीचा चपटा पट्टा लांबीला कापून आणायचा, पुल्यांवरून फिरवायचा, टोकं क्लिपांनी जोडायची, ढिला झाला की चार बोटं कापून परत जोडायचा. आमचा पट्टा म्हणजे व्ही-बेल्ट, खाली निमुळता, तो जन्मतःच गोल, त्याला सुरुवात नाही आणि शेवटही नाही, अध्यात्मात हे फार छान वाटतं. गॅरेजमध्ये त्याचा अर्थ असा की पट्टा कुठेच ओवता येत नाही, तो बसावा म्हणून मधली प्रत्येक गोष्ट बाजूला व्हावी लागते. प्रत्येक पुलीजवळ पट्टा उडू नये म्हणून लोखंडी खुंट ठोकलेले, पट्टा त्यांच्या आतूनच गेला पाहिजे, आणि खुंट आणि पुलीमधली फट पट्ट्याच्या जाडीपेक्षा कमी. म्हणजे खुंट सैल करा. म्हणजे नट फिरवा. म्हणजे गंजलेला नट फिरवा. परकराची नाडी ओवण्यातलाच प्रकार हा, पण नाडीला निदान टोक असतं हो!

सासऱ्यांचा दुसरा सल्ला, "राळ लावा पट्ट्याला, घसरायचा नाही." चपट्या पट्ट्याला लावायचे ते, पण व्ही-बेल्टची पकड असते बाजूंनी, तो खाचेत पाचरीसारखा रुततो, तळाला टेकतसुद्धा नाही, टेकला तर समजायचं पट्टा तरी झिजलाय नाहीतर खाच. तिसरा सल्ला ऐकून मात्र मी खालून बाहेरच आलो. "इंजन चालू ठिवा आन काठीनं ढकला, चढतोय बरोबर, आमी तसंच चढवायचो." बाबा, या पात्यांच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांच्या वर जाऊ नये असं इथलं स्टँडर्ड आहे, म्हणजे ताशी जवळजवळ साडेतीनशे किलोमीटरपर्यंत परवानगी आहे. सासरे क्षणभर गप्प बसले आणि म्हणाले, "मग काठी लांब घ्या."

यानंतर बायको मॅन्युअल घेऊन आली. तोवर निदान शांतता होती.

"पट्टा डाव्या पुलीच्या वरून, मग उजव्या पुलीकडे," तिने वाचलं.

"कुणाच्या डाव्या?"

"डाव्या म्हणजे डाव्या. ही काय," म्हणून तिने हात केला तो माझ्या उजवीकडे.

पहिल्याच पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की डावी-उजवी बाजू सीटवर बसलेल्या माणसाची धरावी. ती ट्रॅक्टरच्या समोर उभी, सीटकडे तोंड करून, त्यामुळे तिची डावी उलटी. मी पुढून डोकं आत घालून उताणा पडलेलो, पाय बाहेर, म्हणजे उठून बसलो असतो तर तोंड पुढेच झालं असतं, म्हणून माझी डावी आणि मॅन्युअलची डावी एकच. हे मी तिला शास्त्रशुद्ध समजावून सांगितलं. पण उताण्या माणसाचा युक्तिवाद कोणी ऐकत नाही. शिवाय आकृती वरून काढलेली, मी बघतोय खालून, आणि सासऱ्यांचा फोन टूलबॉक्सला उलटा टेकवलेला, ते तिकडून आपली तिसरीच डावी सांगतायत. शेवटी ती तिच्या मनाने सीटवर जाऊन बसली, मॅन्युअल मांडीवर घेतलं, एकदा डावीकडे बघितलं आणि म्हणाली, "तेच तर मी म्हणत होते."

मी काही बोललो नाही. वर ती, खाली मी, मधे दोन-अडीचशे किलो लोखंड.

मग पीळ. व्ही खाचेत बसली पाहिजे आणि पट्ट्याची पाठ सपाट आयडलरवर, म्हणजे पट्टा ताणून धरणाऱ्या पुलीवर, ही एक खूणगाठ धरली की पीळ कुठल्या अंगाने द्यायचा ते आपोआप कळतं. चुकीच्या अंगाने दिलात तर पट्टा उलटून बाहेर पडतो किंवा पाती उलटी फिरतात, आणि उलट्या पात्याने गवत कापलं जात नाही, त्याला नुसता मार बसतो.

पण खरी परीक्षा आयडलरच्या स्प्रिंगची. एका हाताने पट्टा खाचेत धरायचा, दुसऱ्याने आयडलर मागे रेटायचा, आणि स्प्रिंगचा आकडा भोकात अडकवायला तिसरा हात कंपनीने पार्ट्सच्या यादीत दिलेला नाही. पकडीने ओढली, सटकली. स्क्रू ड्रायव्हरने रेटली, सटकली. मराठीतले जे शब्द मी मुलीला कधी शिकवले नव्हते ते तिला त्या सकाळी हेल काढून शिकायला मिळाले.

"दोरी हाय का घरात?" सासरे म्हणाले.

"आहे."

"आकड्यात दोरी घाला. पायाला गुंडाळा. पायानं वढा, दोनी हात मोकळं."

सुतळी आकड्यात अडकवली, बुटाला गुंडाळली, पाय ताणला आणि आकडा टक्कन भोकात! इतका वेळ इंजिनिअरिंगची डिग्री असलेला माणूस खाली पडलेला होता आणि सुटका कुणी केली, तर दहावी नापास गिरणीवाल्याने. गिरणीवाले मग अर्थातच राळेच्या विषयावर परत आले.

उडालेल्या पिनेच्या जागी दुसरी घातली, प्लगची वायर लावली, कमी थ्रॉटलवर पाती जोडली, सगळ्यांना लांब उभं केलं. पट्टा जरा थरथरला, मग सरळ रेषेत पळायला लागला. शेजारी त्याच्या नव्या झिरो-टर्नवर, म्हणजे जागच्या जागी वळणाऱ्या मशीनवर, बसून एव्हाना गवत कापून, अंघोळ करून, कॉफी घेऊन अंगणात आला होता. त्याने कॉफीचा मग उंचावून दाद दिली. मला ती दाद वाटली, बायकोला कीव वाटली.

संध्याकाळी आवरताना तुटका पट्टा मी गुंडाळून गॅरेजच्या खिळ्याला लावला. तिथे त्या आजोबांनी ठेवलेले सात-आठ पट्टे आधीच होते, सगळे जुने, चिरलेले, एकाही पट्ट्यावरचा नंबर वाचता येत नाही.

"हा तुटलाय ना? मग कशाला ठेवतोयस?" बायको.

"असू दे. लागेल."

"तुटका पट्टा कशाला लागेल?"

फोन अजून टूलबॉक्सवर उलटाच होता. तिकडून आवाज आला, "असू दे गं. लागतो."