अभिजात व्हा, तेही घरबसल्या

ऑक्टोबर २०२४मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. राहिलात ते तुम्हीच. म्हणून चार गोष्टी सांगतो.

सुरुवात कवितेपासून करा, तिला भांडवल लागत नाही. मुक्तछंदाने कवितेचं वाटोळं केलं असं आधी चारचौघांत जाहीर करावं आणि मग शार्दूलविक्रीडित या जुन्या संस्कृत वृत्ताला हात घालावा. ओळीला १९ अक्षरं, तीन-तीन अक्षरांचे गण म-स-ज-स-त-त आणि शेवटी एक गुरू, १२व्या अक्षरावर यती, म्हणजे थांबा. सोसायटीच्या गणेशोत्सवासाठी मी स्वतः पाडलेली ओळ नमुन्याला देतो:

आहे ना कविता जुनीच अगदी? टाळ्या तरी वाजवा

मोजा, बरोबर १९ भरतात. त्यातल्या ‘ना’ आणि ‘तरी’ला अर्थ विचारू नये. संस्कृत कवींच्या हाताशी ‘च, वै, तु, हि’ होते, आपल्याकडे हे. अर्थ वृत्तात बसेना, तर वृत्ताला धक्का न लावता अर्थ बदलावा. केशवसुतांनी इंग्रजीतून आलेलं सुनीत (सॉनेट, चौदा ओळींची कविता) याच वृत्तात बसवलं होतं, तो विषय मात्र व्याख्यानात काढू नका.

संगीतात शुद्धता हवी. सिंथेसायझर दिसला की तडक उठून बाहेर जावं. (चहा झाला की परत यावं.) पेटी चालेल. ती युरोपातून आली, आपल्या संगीताला शोभत नाही म्हणून १९४० साली आकाशवाणीने तिला बाहेर काढलं आणि बंदी उठायला तीन दशकं गेली, हे खरं आहे. पण पोरांसमोर कशाला? सोपा हिशेब ठेवा: आजोबांच्या लग्नाआधी आलं ती परंपरा, नंतर आलं ते अधःपतन.

चित्रकलेत तर काहीच कष्ट नाहीत. अमूर्त चित्रापुढे उभं राहून ‘हे माझी नातही काढेल’ म्हणायचं. तिथे नातीला नेऊ नये, ती खरंच कागद मागते. मग मुंबईच्या ‘जे.जे.’ कलाशाळेची जुनी शिस्त आठवून उसासा टाकायचा. १८५७ साली सुरू झालेल्या त्या शाळेत मुलं ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून हात बसवायची. त्या पुतळ्याला मनातल्या मनात नऊवारी नेसवलीत की झाली अस्सल आपली कला.

माझ्या कवितेचं म्हणाल तर तिला टाळ्या पडल्या. वीजही नेमकी त्याच क्षणी परत आली होती, पण तो योगायोग.