कॅमेरा घेतला की प्रोफेशनल व्हय?

परवा कोल्हापुरात खरी कॉर्नरला वाद पेटला तो अण्णाच्या एका वाक्यावरनं. अण्णाचं घर लग्नाच्या फोटोंच्या ऑर्डरींवर चालतं. त्यातली एक हातची गेली, कारण नवरीच्या मामाच्या मुलानं नवा कॅमेरा घेतलाय आणि "मी फुकट काढतो" म्हणालाय. अण्णा म्हणाला, "कॅमेरा घेतला की प्रोफेशनल व्हय?"

बंट्या उसळलाच. "मग कशानं हुतो सांग की! पैसे घेतल्यावर? तो पुढच्या लग्नाला घेणारच हाय. आन् त्याचे फोटो बघितलास का? भारी हैत."

बंट्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. आम्ही बसतो त्याच्या शेजारचा कॅमेरा स्तंभ बाबूराव पेंटरांच्या आठवणीचा. त्यांना कुठल्या कॉलेजात कोण शिकवायला गेलं होतं? आनंदराव पेंटरांबरोबर मांडलेला सिनेमाचा डाव आनंदराव गेल्यावरही त्यांनी मोडला नाही. कॅमेरा इथंच बांधला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. त्यामुळं 'कुठं शिकलास' हा प्रश्न निदान कोल्हापुरात तरी कुणी कुणाला विचारू नये.

अण्णालाही ते मान्य होतं. "शिकण्याचं सोड. अंतरपाट खाली येतो तवा काय हुतं ते सांग."

मग त्यानंच सांगितलं. शेवटचं 'सावधान' संपतं, अक्षता उडतात, वाजंत्री सुरू होते. पाहुणे मोबाईल वर धरून पुढं सरकतात, दोस्त नवऱ्याला खांद्यावर उचलतात, नवरी टाचा उंचावते आणि हार पडतो. सगळा खेळ काही सेकंदांचा. त्यात हॉलला स्वस्तातले एलईडी असले की फोटोवर काळे पट्टे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, असला दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, आणि शटर त्याहून फास्ट ठेवलं की पट्टा पकडला जातो. म्हणून अण्णा मुहूर्ताआधी रिकाम्या हॉलमध्ये जातो, शटर सेकंदाच्या १/१०० वर आणतो, चार फोटो मारून बघतो. दुसरा कॅमेरा गळ्यात असतो. प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर उतरतो, आणि घरी दोन डिस्कवर कॉपी झाल्याशिवाय एकही कार्ड फॉरमॅट होत नाही.

"त्या पोराचं कार्ड उडालं तर तो सॉरी म्हणंल आन् आत्या माफ करंल. मला ती सोय न्हाई."

माझ्या मते उत्तर इथंच आहे. एखादा अप्रतिम फोटो हौशी माणसालाही मिळतो, कित्येकदा व्यावसायिकापेक्षा सरस मिळतो, कारण त्याला उजेडासाठी थांबायची मुभा असते. अण्णाला उजेड असेल तो घ्यावा लागतो. कोपऱ्यात खुर्चीवर बसलेली नवरीची आजी त्याला आवडो न आवडो, तिचा फोटो आलाच पाहिजे. वर्षाभरात ती गेली तर घरचे तोच फोटो शोधणार आहेत. ही जबाबदारी ज्यानं अंगावर घेतली तो प्रोफेशनल, मग त्याचा कॅमेरा कुठला का असेना.

पैलवानानं त्यात आपली भर घातली. "खासबागेत कुस्तीच्या मैदानात बघा. ज्याला डाव कळतो तो ढाकेचा डाव लागायच्या आधीच बटणावर बोट ठेवून असतो. बाकीच्यांना पाठ टेकल्यावरचा फोटो मिळतो, म्हंजे कुस्ती संपल्यावरचा." हे मला फार पटलं. विषय माहीत नसताना नुसतं बटण दाबून भागत नाही.

इथवर अण्णा जिंकत होता. मग वकील बोलला. "पण अण्णा, पैसे घेऊन काढलेला लग्नाचा फोटो कायद्यानं कुणाचा?"

"माझा. मी काढला."

"न्हाई. १९५७ चा कॉपीराइट कायदा, कलम १७. दुसऱ्याच्या सांगण्यावरनं मोबदला घेऊन फोटो काढला तर, वेगळा करार नसंल तर, पहिला मालक पैसे देणारा. फुकट काढणाऱ्या त्या पोराचे फोटो मात्र त्याचे."

अण्णाचा चेहरा पडला. स्टुडिओच्या पानावर दुसऱ्यांच्या लग्नाचे फोटो तो बिनधास्त टाकत आला होता. मला वाईट वाटलं, पण वकिलाचं बरोबर होतं. शटरची एवढी काळजी घेणाऱ्यानं कागदाचीही घ्यायला हवी. आपल्याकडं सगळं ॲडव्हान्स आणि शब्दावर चालतं. किती तास, अल्बम कधी, कार्ड उडालं तर काय, फोटो जाहिरातीला वापरायचे का, यातलं काहीच लिहिलेलं नसतं. भांडणं होतात ती यावरनंच.

अण्णानं तिथंच मोबाईलवर मुद्दे लिहायला घेतले. बंट्या म्हणाला, "लिही, रॉ फाइली, म्हंजे कॅमेऱ्यातनं निघालेल्या कच्च्या फाइली, पार्टीला मिळणार."

"मिळणार न्हाईत. कच्चं काम मी कुणाच्या हातात देत नसतो."

"मालक पार्टी हाय म्हणतोय की वकील!"

वकील म्हणाला, "मालकी वायली, फाइल हातात द्यायची का ते वायलं. ते ठरवून लिवायचं."

रात्री दहापर्यंत त्या एका ओळीवर दोघांचं जमलं नव्हतं.