पाऊस जास्त झाला म्हणे!

डोंगरावरचा गाळ शेतात आला म्हणून आज पंचायतीत गेले, तर एक महाशय मला समजावत होते, "बाई, यंदा पाऊसच तसा पडला, त्याला कोण काय करणार?" तिथे गप्प बसले. तोंड उघडलं असतं तर आवरलं नसतं. म्हणून इथे लिहितेय.

अहो, पेडण्यात पाऊस काय नवीन आहे? गोव्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पडतोच. आजोबांच्या वेळीही पडायचा. तेव्हा सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळ पठारावर, गवत होतं, उतारावर काजू नि झुडपं होती. आता सडा सपाट करून प्लॉट पाडलेत आणि जेसीबीने उतारावरून सरळ खाली रस्ता ओढलाय. त्याच्या कडेची ओघळ पहिल्या पावसात वीतभर होती. आज तिच्यात माणूस उभा राहील. आणि खाली आमची शेतं लाल गाळाने भरलीत.

गेल्या पावसात बहिणीचे सासरे आले होते. तात्या माणदेशातले, तिकडे वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर. त्यांनी ओघळीच्या वरच्या तोंडाशी बसून कडेखाली काठी घातली, ती हातभर आत गेली. वर गवत शाबूत, खाली पोकळ! म्हणाले, "पाणी कडेवरून पडतं, बूड कोरतं, मग कड ढासळते. घळ अशी वर वर सरकत जाते. खाली दगड टाकून भागत नाही. आधी वरचं पाणी आवरा."

त्यांच्याकडे माळ नांगरले, बांध मोडले, घळी पडल्या, विहिरी आटल्या. मग भर उन्हात श्रमदानाने समपातळी चर, म्हणजे उताराला आडवे, एका पातळीत खणले, नाल्यात दगडी बांध घातले. तिकडे लोक माती धरायला राबतात. आम्ही ती घालवायला मशीन भाड्याने आणतो!

२०२१च्या जुलैत सत्तरी तालुक्यात रानातले डोंगरही ढासळले, तिथे कुठे प्लॉट होते, असं कुणीतरी विचारेलच. बरं, नव्हते. आणि कुमेरी, म्हणजे डोंगरावर रान तोडून-जाळून फिरती शेती, करणारे आपलेच पूर्वज, हेही खरं. पण ते जमीन पडीक ठेवायचे, रान परत यायचं. काँक्रीटवर काय येणार?

डोंगर कापायला परवानगी लागते, गोव्याच्या नगर नियोजन कायद्यात कलम १७अ आहे. कायद्याचं नाव काढलं की ऑफिसात सगळे कन्व्हर्जन सनद, म्हणजे जमीन बिगरशेती केल्याचा कागद, दाखवतात. सनद बघून पाणी थांबतं का?

तात्या मात्र चिडले नाहीत. छत्री धरून त्या लाल लोंढ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "एवढं पाणी, आणि सूनबाई म्हणते एप्रिलात तुमची विहीर आटते?" मला उत्तर सुचेना. भजी थंड होतील म्हणून त्यांना घरात नेलं.

घरं लोकांना हवीत, मान्य. पण जाहिरातीत 'व्हॅली व्ह्यू' लिहिलंय ना, ती व्हॅली म्हणजे आमची भातशेती आहे.

रविवारी ग्रामसभा आहे. फोटो माझ्याकडे आहेत, सर्व्हे नंबरही. यायचं तर या. इथे हात जोडलेले इमोजी नकोत.