अटलांटातल्या बायका बोलत बसल्या म्हणून

आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा एका गृहस्थांनी लिहिलं, "या ब्लॅक बायकांना जिथं तिथं वंशभेदच दिसतो. बीपी वाढलं तरी वंशभेद, बाळंतपण अवघड गेलं तरी वंशभेद. जरा व्यायाम करा, खाण्यावर ताबा ठेवा, रडगाणं बंद करा." खाली अंगठ्यांची रांग. तिथं उत्तर द्यायला गेले असते तर गणपतीच्या वर्गणीचा मेसेज कुठच्या कुठं गेला असता आणि खजिनदार माझ्यावर उखडले असते. म्हणून इथं लिहितेय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

मी अटलांटाच्या उत्तरेकडच्या उपनगरात राहते. हॉस्पिटलच्या बिलांना विम्याचे कोड लावायचं माझं काम. टीममधल्या निम्म्याहून जास्त बायका ब्लॅक आहेत आणि जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्याच टेबलावर असते. पुढचं बरंचसं तिथं कानावर पडलेलं, आणि कानावर पडलं म्हणून शोधून वाचलेलं आहे.

व्यायामापासूनच सुरुवात करू. सेरेना विल्यम्सला व्यायाम कर म्हणून कोण सांगणार? जानेवारी २०१७ मध्ये ही बाई पोटुशी असताना ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. सप्टेंबरमध्ये सिझेरियन झालं आणि दुसऱ्या दिवशी तिला धाप लागली. फुप्फुसात गुठळ्या होण्याचं दुखणं तिला आधी एकदा होऊन गेलं होतं, त्यामुळे काय चाललंय ते तिनं ओळखलं. नर्सला सांगितलं, सीटी स्कॅन हवा, गुठळ्यांवरचं हेपरिन हवं. नर्सला वाटलं, दुखणं थांबवायच्या औषधांनी बाईचा गोंधळ उडालाय. मग पायांची सोनोग्राफी झाली, तिच्यात काही निघालं नाही. शेवटी सीटी केला तेव्हा फुप्फुसात गुठळ्या सापडल्या. पैसा आहे, नाव आहे, स्वतःच्या शरीराची खडान्‌खडा माहिती आहे, आणि तरी तिचं म्हणणं पटायला एवढा खटाटोप. २०१८ मध्ये तिनं हे सगळं जाहीर सांगितलं, तेव्हा आमच्या टेबलावर कुणाला आश्चर्य वाटलं नाही. प्रत्येकीकडे आपली एक किंवा बहिणीची एक गोष्ट होतीच.

आता आकडे. २०२३ मध्ये अमेरिकेत दर लाख जिवंत जन्मांमागे १४.५ गोऱ्या माता दगावल्या आणि ५०.३ ब्लॅक माता. "गरिबी असेल, शिक्षण कमी असेल" हे आपलं पुढचं वाक्य ठरलेलं असतं. सीडीसी या अमेरिकी सरकारच्या आरोग्य संस्थेनं २०१९ मध्ये तेही तपासून छापलं. कॉलेजची पदवी असलेल्या ब्लॅक बायकांत गरोदरपणामुळे होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण तेवढ्याच शिकलेल्या गोऱ्या बायकांच्या ५.२ पट निघालं. शाळाही पुरी न केलेल्या गोऱ्या बायकांपेक्षासुद्धा ते जास्त होतं. शिकून-सवरून, चांगली नोकरी धरून हा धोका टळत नाही, हे माझ्यासारख्या 'मुलींना शिकवा' या मंत्रावर वाढलेल्या बाईला पचवायला जड गेलं.

आर्लिन जेरोनिमस या संशोधिकेनं १९९२ मध्येच एक विचित्र गोष्ट दाखवून दिली होती. गोऱ्या बायकांची बाळं आई विशीत असताना जास्त सुदृढ निपजतात, आई किशोरवयीन असली तर कमी. ब्लॅक बायकांत हे उलटं. वय पंचविशीकडे सरकतं तशी बाळाची तब्येत बिघडण्याची शक्यता वाढते. तिचं म्हणणं असं की रोजचा अपमान, रोजची सावधगिरी, घराची नि पोरांची चिंता यांनी शरीर वयाआधीच झिजतं. हे म्हणणं तेव्हा फारसं कुणाला रुचलं नाही.

ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर मी शेजारच्या अलाबामा राज्यातल्या मॉन्टगमेरीला गेले होते, इथून गाडीनं अडीच तास. तिथं मिशेल ब्राउडर या कलावतीनं २०२१ मध्ये तीन बायकांचे पुतळे उभे केलेत. अनार्का, बेट्सी आणि ल्युसी. तिघी गुलाम. अडलेल्या बाळंतपणात मूत्राशयाला भोक पडलं की लघवी सतत गळत राहते. ते भोक शिवायची रीत जे. मॅरियन सिम्स नावाचा डॉक्टर या गावात शोधत होता. १८४५ ते १८४९ अशी चार वर्षं त्यानं या तिघींवर आणि आणखी काही गुलाम बायकांवर भूल न देता ऑपरेशनं केली, एकट्या अनार्कावर तीसेक. रीत सापडली आणि सिम्स आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचा जनक म्हणून मिरवला. पुतळे भंगारातल्या लोखंडी वस्तू एकमेकींना जोडून केलेत. अनार्काचा पुतळा पंधरा फुटांच्या आसपास उंच, पोटाच्या जागी पोकळी. तिचं गर्भाशय बाजूला वेगळं ठेवलंय आणि त्यात काचा, सुया, डॉक्टरी हत्यारं कोंबलीत. सिम्सचा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला पुतळा २०१८ मध्ये हलवला. मॉन्टगमेरीत मात्र त्याचा दुसरा पुतळा कॅपिटॉलच्या, म्हणजे विधानभवनाच्या, आवारात उभा होता आणि आम्ही तोही बघून आलो. या तिघींची नावं आपल्याला कळली ती सिम्सनं लिहून ठेवली म्हणून. त्यांनी स्वतः सांगितलेलं एक वाक्यही उरलेलं नाही.

जुन्या गोष्टी उकरून काय मिळतं, असं कुणी म्हणेल. व्हर्जिनिया विद्यापीठात २०१६ मध्ये गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना काही विधानं दिली आणि खरं-खोटं विचारलं. ब्लॅक माणसाची कातडी जाड असते, असली ती विधानं. साधारण निम्म्यांना त्यातलं एखादं तरी खरं वाटलं. अशा मुलांनीच ब्लॅक पेशंटचं दुखणं कमी धरलं आणि उपचारही कमी नेमके सुचवले. कातडी जाड, म्हणजे दुखत कमी असणार!

या सगळ्यावर त्या बायकांनी काय केलं, हे मला खरं म्हणजे सांगायचंय. त्या बोलत बसल्या.

बिली एव्हरी हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसेल. तिचा नवरा १९७० मध्ये अवघ्या तेहतिसाव्या वर्षी हार्ट ॲटॅकनं गेला. पदरात दोन मुलं. शिकलेलं जोडपं, पण ब्लड प्रेशर म्हणजे काय प्रकरण आहे हे त्यांना कुणी नीट समजावून सांगितलं नव्हतं. पुढं फ्लोरिडात गेन्सव्हिल इथं तिनं मैत्रिणींबरोबर बायकांचा दवाखाना काढला, नंतर प्रसूतिगृह. मग एका प्रशिक्षण केंद्रात नोकरी करताना तिच्या लक्षात आलं की वर्गातल्या तरुण ब्लॅक मुली सारख्या गैरहजर असतात. तिनं हजेरीवरून झापलं नाही, का येत नाही ते विचारलं आणि ऐकत बसली. विशीतल्या पोरी, पण दुखणी म्हाताऱ्यांची, आणि घरात दोन-दोन पिढ्यांचं ओझं. त्याच सुमारास एका सरकारी पाहणीत १८ ते २५ वयाच्या अर्ध्याहून जास्त ब्लॅक मुलींनी आपण तीव्र मानसिक त्रासात आहोत असं सांगितल्याचं तिच्या वाचनात आलं. मग ती अटलांटात आली आणि जून १९८३ मध्ये इथल्या स्पेलमन कॉलेजात ब्लॅक बायकांच्या आरोग्यावर पहिली राष्ट्रीय परिषद भरवली. दीड हजारांहून जास्त बायका आल्या.

परिषद म्हटलं की आपल्याला दीपप्रज्वलन आणि शाल-श्रीफळ आठवतं. इथं सगळ्यात गाजलं ते लिली ॲलन यांचं शिबिर. विषय साधा: ब्लॅक आणि बाई असणं म्हणजे नक्की काय. बायकांनी एकमेकींना सांगायचं. मध्ये तोडायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, "माझं तर याहून वाईट" म्हणायचं नाही. साखर, बीपी, गर्भाशयातल्या गाठी यांच्याबद्दल बोलायला आलेल्या बायकांच्या तोंडून मारहाण बाहेर पडली, लहानपणी घरातल्याच माणसांनी केलेले अत्याचार बाहेर पडले. पुढं एव्हरी ठामपणे सांगत राहिली की या बायकांच्या आरोग्याचा पहिल्या क्रमांकाचा प्रश्न हिंसा हाच आहे. हे कुठल्या प्रयोगशाळेत कळलं असतं? त्या परिषदेतून जी संघटना उभी राहिली तिनं गावोगाव, चर्चच्या तळघरांत नि घरांच्या दिवाणखान्यांत असेच गट सुरू केले. १९८९ मध्ये एव्हरीला मॅकआर्थर फेलोशिप ही अमेरिकेतली मानाची शिष्यवृत्ती मिळाली. ती संघटना नाव बदलून आजही काम करते.

बरेच लोक इथंच अडखळतात. त्यांना वाटतं बोलणं वेगळं, पुरावा वेगळा. माझा अनुभव उलटा आहे. मी रोज कोड लावते, आणि ज्याची तक्रार कुणी लिहूनच घेतली नाही त्याला कोड नसतो. कोड नाही म्हणजे आकडा नाही, आकडा नाही म्हणजे प्रश्नच नाही. आधी कुणीतरी सांगावं लागतं, दुसरीनं "माझंही असंच झालं" म्हणावं लागतं, मग कधीतरी संशोधक वही-पेन घेऊन येतात.

केसांचंच बघा. एका सहकारिणीबरोबर तिच्या सलूनमध्ये मी एक अख्खा शनिवार काढला. वेण्या घालायला सहा तास! पाकिटातले जोडकेस बटा-बटा करून विंचरून ठेवलेले, दोघीजणी दोन बाजूंनी बारीक पेड घालतायत, आणि शेवटी वेण्यांची टोकं उकळत्या पाण्यात बुडवून पक्की करायची. तेवढ्या वेळात नवरे, चर्च, लेकीची ॲडमिशन, सगळं झालं आणि मग गाठींवर गाडी आली. कुणाच्या गर्भाशयात किती, कुठल्या डॉक्टरनं पहिल्याच भेटीत "काढून टाकू" म्हटलं, कुणी दुसरा डॉक्टर गाठून गर्भाशय वाचवलं. खुर्चीतल्या एका आजींनी केस सरळ करायच्या रिलॅक्सरबद्दल सांगितलं. लहानपणी टाळू भाजून खपल्या धरायच्या, आई म्हणायची, थोडं सोस, शाळेत नीट दिसायला हवं. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या सरकारी अभ्यासात केस सरळ करणारी रसायनं वरचेवर वापरणाऱ्या बायकांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कॅन्सर होण्याचा अंदाज ४.०५ टक्के निघाला, कधीच न वापरणाऱ्यांत १.६४ टक्के. रसायनांमुळेच होतो हे त्यातून सिद्ध होत नाही, आणि अभ्यासातही तसं म्हटलेलं नाही. पण नोकरीच्या मुलाखतीला आपले केस आपल्यासारखे घेऊन जाता येत नाहीत म्हणून डोक्यावर रसायन थापावं लागतं, हा आरोग्याचा प्रश्न आहे की नाही? कॅलिफोर्नियानं २०१९ मध्ये केसांवरून भेदभाव करायला बंदी घातली, मग आणखी राज्यांनी. कायदा करावा लागला, यातच आलं.

चालणाऱ्या बायकाही आहेत. 'गर्लट्रेक' ही ब्लॅक बायकांची चळवळ रोज अर्धा तास चाला एवढंच सांगते, आणि दहा लाखांहून जास्त जणी तिच्यात आहेत. म्हणजे व्यायाम त्या करतातच, गृहस्थांनी काळजी करू नये. फक्त एकटीनं ट्रेडमिलवर न करता शेजारणीला हाक मारून करतात.

वेलनेसच्या नावाखाली मेणबत्त्या, क्रिस्टल आणि महागड्या चटया विकणाऱ्या धंद्याबद्दल मला काडीचं प्रेम नाही. तो धंदा आता ब्लॅक बायकांनाही तेच विकतो, वर 'तू किती खंबीर' अशी पाठ थोपटतो. आमच्या टेबलावर या खंबीरपणाचा सगळ्यांना वीट आलाय. खंबीर म्हटलं की मदत द्यायला नको, दुखणं विचारायला नको. आपल्याकडच्या सोशिक सुनेचं कौतुक आठवून बघा.

शेवटी आपल्या लोकांबद्दल. आपण या देशात आलो ते १९६५ च्या स्थलांतराच्या कायद्यानं दार उघडलं म्हणून, आणि ते दार ज्या काळात ढिलं झालं तो काळ ब्लॅक लोकांनी रस्त्यावर मार खाऊन घडवला होता. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केली. अमेरिका न बघता पुण्यात बसून त्यांना जे दिसलं ते आपल्याला इथं राहून दिसत नाही. आपण घर घेताना 'शाळा चांगल्या' म्हणतो आणि ब्लॅक वस्ती नको असं म्हणायचंय ते एकमेकांना बरोबर कळतं.

त्या बायकांच्या बोलण्याचा फायदा मात्र आपणही घेतो. आमच्या जॉर्जिया राज्यात गरीब बाळंतिणींचं मेडिकेड, म्हणजे सरकारी आरोग्य विमा, पूर्वी साठ दिवसांत संपायचं. २०२२ च्या कायद्यानं ते वर्षभर झालं. त्यासाठी ज्यांनी खेटे घातले त्यांत ब्लॅक बायकांच्या संघटना पुढं होत्या. बाळंतपणानंतरच्या धोक्याच्या खुणांची सीडीसीची यादी आता सगळ्यांसाठी आहे, मंडळातल्या लेकी-सुनांसाठीसुद्धा. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढं अंधारी किंवा चमकणं, छातीत दुखणं, धाप, हातांवर-तोंडावर खूप सूज, पॅड भराभर भिजवणारा रक्तस्राव, ताप, आणि स्वतःला किंवा बाळाला काही करावं असे विचार. बाळ वर्षाचं होईपर्यंत यातलं काहीही झालं तर सासूला, यूट्यूबला विचारत बसू नका. सरळ हॉस्पिटल गाठा आणि तिथं पहिल्याच वाक्यात सांगा, "मी गेल्या वर्षभरात बाळंत झालेय." बरोबर कुणाला तरी न्या, आणि "काही नाही, जा घरी" म्हणाले तर तपासण्या काय काय केल्या ते लिहून मागा.