चीजमधलं सोडियम फॉस्फेट आणि चादरीच्या कारखान्यातली पावडर

सोलापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘चादरी-टॉवेलच्या डाइंगमध्ये वापरतात ती पावडर कंपन्या चीजमध्ये घालतात. पाकिटावर ३३९ आकडा दिसला की फेकून द्या.’

नावापुरतं खरं, बाकी गफलत. ही पावडर म्हणजे सोडियम फॉस्फेट, आणि ३३९ हा पाकिटावर छापला जाणारा त्याचा खाद्य-घटक क्रमांक. सोडियम फॉस्फेट हे एक रसायन नाही, घराणं आहे. फॉस्फोरिक आम्लातल्या तीन हायड्रोजनपैकी किती जागी सोडियम बसला, यावर मोनो, डाय, ट्राय ठरतं. मोनोचं द्रावण आंबट, डायचं किंचित अल्कधर्मी, ट्रायचा सामू (pH) मात्र १२ च्या आसपास, म्हणजे तीव्र अल्कधर्मी. सुताचा मळ काढायला हेच ट्राय वापरतात, आणि हातमोज्यांशिवाय त्याला हात लावू नये. ३३९ या क्रमांकात तिन्ही येतात, पण खाण्यासाठीची प्रत वेगळी, शुद्ध. कारखान्यातलं पोतं स्वयंपाकघरात चालत नाही. चीजमध्ये हे क्षार दुधातल्या केसिन या प्रथिनाला चिकटलेलं कॅल्शियम ओढून घेतात, म्हणून तापवल्यावर तूप वेगळं न होता चीज एकसारखं वितळतं. (आपल्या शेंगाचटणीला असल्या मदतीची गरज नाही, ते सोडा.)

मर्यादा आहेच. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१९ मध्ये सगळ्या फॉस्फेटांसाठी, फॉस्फरस म्हणून, किलो वजनामागे रोज ४० मिलिग्रॅम ही मर्यादा सांगितली. तीही मूत्रपिंड ठीक असलेल्यांना. डायलिसिसवरच्या माणसाने पाकिटावर ३३९ आहे का, हे जरूर वाचावं. पोट साफ करायची फॉस्फेटची औषधं तर मनाने घेऊच नयेत. जास्त डोसने मूत्रपिंड बिघडल्याच्या नोंदी आहेत.